अंध प्रोग्रामरची अवजारे

संगणकाचा प्रोग्रॅम हा शेवटी मजकूर असतो. अक्षरे, आकडे, कंस, विरामचिन्हे, ओळीखाली ओळ. मजकूर ऐकता येतो, ब्रेलमध्ये बोटांनी वाचता येतो. त्यामुळे प्रोग्रॅमिंग हा अंध व्यक्तींनी फार लवकर आपलासा केलेला व्यवसाय आहे. त्यांना खरी अडचण येते ती प्रोग्रॅमच्या भोवती उभारलेल्या साधनांची. कोड लिहिण्याचा एडिटर, चुकीचा माग काढणारा डीबगर, बदलांचा इतिहास सांभाळणारी प्रणाली, आलेख आणि आकृत्या दाखवणाऱ्या खिडक्या यांतली बहुतेक साधने रंग, रेषा, जागा आणि हालचाल यांच्या आधारे बोलतात. चुकलेल्या शब्दाखाली लाल नागमोडी रेष उमटते. प्रोग्रॅम ज्या ओळीवर थांबला ती ओळ पिवळी होते. पुढे काय लिहायचे ते फिक्या अक्षरांत कर्सरपुढे दिसू लागते. यांतले काहीही आवाजात आपोआप उतरत नाही. साधन घडवणाऱ्याने ते मुद्दाम सांगितले, तरच ऐकू येते.

पडदा न पाहता पडदा वाचणे

१९७०च्या दशकात अंध प्रोग्रामर छापील कोड वाचण्यासाठी ऑप्टाकॉन नावाचे यंत्र वापरत. स्टॅनफर्ड विद्यापीठातले जॉन लिनव्हिल यांनी आपल्या अंध मुलीसाठी त्याची कल्पना मांडली आणि १९७१मध्ये ते बाजारात आले. एका हाताने छोटा कॅमेरा ओळीवरून सरकवायचा आणि दुसऱ्या हाताचे बोट थरथरणाऱ्या १४४ सूक्ष्म काड्यांच्या जाळीवर ठेवायचे, की अक्षराचा आकार बोटाखाली जाणवे. वाचन सावकाश होई, पण कागदावर जे होते ते जसेच्या तसे हाती येई. संगणकाचा पडदा वाचण्यासाठी त्याला वेगळे भिंगही जोडता येत असे.

डॉसच्या काळात बोलणारे स्क्रीन रीडर आले. तेव्हाच्या पडद्यावर साधारणपणे २५ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० अक्षरे मावत, आणि प्रत्येक अक्षर संगणकाच्या स्मृतीत ठरलेल्या जागी असे. स्क्रीन रीडर ते तिथून उचलून आवाज तयार करणाऱ्या यंत्राकडे पाठवी. आयबीएममध्ये जिम थॅचर यांच्या पुढाकाराने असा एक स्क्रीन रीडर तयार झाला. फ्लॉरिडात टेड हेन्टर यांनी १९८९मध्ये ‘जॉज’ या स्क्रीन रीडरची पहिली आवृत्ती आणली. हेन्टर मोटारसायकलच्या शर्यतींत उतरत असत. १९७८मध्ये अपघातात दृष्टी गेल्यावर ते प्रोग्रॅमिंग शिकले. या क्षेत्रातली बरीचशी महत्त्वाची साधने अंध प्रोग्रामरनी स्वतः घडवली आहेत, आणि जॉज हे त्याचे सुरुवातीचे मोठे उदाहरण आहे.

विंडोजसारख्या चित्रमय प्रणाली आल्या आणि ही सोपी व्यवस्था मोडली. पडद्यावर आता अक्षरे उरली नाहीत, रंगीत ठिपके उरले. स्क्रीन रीडर बनवणाऱ्यांनी मग एक अवघड वाट धरली: कोणता प्रोग्रॅम पडद्यावर काय रेखाटायला सांगतो आहे हे मध्येच पकडायचे आणि त्यावरून पडद्याची एक प्रतिकृती स्मृतीत उभी करायची. ती कधी अचूक असे, कधी शिळी. १९९७मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘अ‍ॅक्टिव्ह अ‍ॅक्सेसिबिलिटी’ ही व्यवस्था आणली आणि दिशा बदलली. आता स्क्रीन रीडरने अंदाज बांधायचा नव्हता. प्रोग्रॅमनेच आपल्या प्रत्येक घटकाची माहिती द्यायची होती. हे बटण आहे, याचे नाव ‘चालवा’ आहे, सध्या ते निष्क्रिय आहे. ही यादी आहे, तिच्यात बारा नोंदी आहेत, तिसरी निवडलेली आहे. नाव, भूमिका, स्थिती आणि मूल्य अशा माहितीचे एक झाड प्रत्येक प्रोग्रॅमने पडद्याआड तयार ठेवायचे आणि स्क्रीन रीडरने त्या झाडावरून फिरायचे. मॅक, लिनक्स, अँड्रॉइड आणि वेबवर नावे वेगळी असली, तरी तत्त्व आजही हेच आहे.

प्रोग्रामरच्या साधनांचे भवितव्य या झाडावर अवलंबून राहिले. २००१मध्ये आयबीएमने मुक्त केलेले ‘इक्लिप्स’ हे साधन बटणे, याद्या आणि मजकुराच्या चौकटी स्वतः न रंगवता कार्यप्रणालीकडून उसन्या घेत असे. कार्यप्रणालीचे घटक स्वतःची माहिती देत असल्याने इक्लिप्स स्क्रीन रीडरसह बऱ्यापैकी वापरता येई. त्याच काळातली ‘स्विंग’ या जावा संचावर उभी असलेली साधने मात्र प्रत्येक घटक स्वतःच पडद्यावर रंगवत. त्यांची माहिती विंडोजपर्यंत पोहोचवायला ‘जावा अ‍ॅक्सेस ब्रिज’ नावाचा वेगळा दुवा लागे, आणि तो बसवलेला नसेल तर पूर्ण खिडकी मुकी राही. दोन्ही साधनांत डोळस माणसाला फारसा फरक जाणवत नसे. अंध प्रोग्रामरसाठी मात्र एकात नोकरी शक्य होती आणि दुसऱ्यात नव्हती.

कानाने कोड वाचताना

डोळस प्रोग्रामर हजार ओळींची फाइल उघडतो, तेव्हा एक अक्षर वाचण्याआधीच त्याला बरेच काही कळलेले असते: लांबलचक फंक्शन कुठे आहे, टिपा कुठे आहेत, अटींच्या पोटात अटी कुठवर गेल्या आहेत. कान एका वेळी एकच शब्द घेतो. फाइलच्या मधोमध एखाद्या ओळीवर उतरल्यावर आपण कोणत्या फंक्शनमध्ये, कोणत्या लूपच्या आत आहोत हे वर जाऊन पुन्हा ऐकल्याशिवाय समजत नाही. अंध प्रोग्रामर ही सगळी रचना डोक्यात धरून काम करतो. स्मरणाचा हा भार बाहेरून दिसत नाही, म्हणून साधने बनवणाऱ्यांच्या हिशेबातही तो फार क्वचित येतो.

वेग ही त्यावरची पहिली तोड. सरावलेला श्रोता कृत्रिम आवाज नेहमीच्या बोलण्याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने समजून घेतो. शेजारी बसलेल्याला तो नुसता गुणगुणाट वाटतो. अशा वेगासाठी माणसासारखा गोड आवाज उपयोगी पडत नाही. काहीसा यांत्रिक, पण उच्चारांत पक्का आवाजच अनेक प्रोग्रामर निवडतात, कारण वेग वाढवला तरी त्यातले व्यंजन पुसले जात नाही.

कोडमधली विरामचिन्हे हा वेगळा प्रश्न आहे. बातमी ऐकताना स्वल्पविराम उच्चारला गेला नाही तरी बिघडत नाही. प्रोग्रॅममध्ये एक कंस सुटला तरी सगळे अडते. म्हणून स्क्रीन रीडरमध्ये चिन्हे किती उच्चारायची याच्या पायऱ्या असतात आणि कोडसाठी बहुतेकदा सर्वांत वरची पायरी लागते. मग छोट्याशा ओळीतही ‘डावा कंस, अवतरण, उजवा कंस, अर्धविराम’ यांचीच गर्दी होते. त्यावर उपाय म्हणून अनेक जण चिन्हांचे उच्चार स्वतःच तोडून एकेका अक्षरावर आणतात. लहान आणि मोठ्या लिपीतली इंग्रजी अक्षरे कोडमध्ये भिन्न मानली जातात. मोठे अक्षर आले की आवाजाची पट्टी चढवून ते सुचवले जाते. चुकीच्या स्पेलिंगचे नाव बरोबर नावासारखेच ऐकू येऊ शकते. ते पकडायला अक्षर-अक्षर ऐकावे लागते किंवा ब्रेलकडे वळावे लागते.

पायथॉन भाषेत ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा हाच व्याकरणाचा भाग असतो. ओळ किती आत ढकलली आहे यावरून ती कोणत्या अटीखाली येते हे ठरते, आणि मोकळ्या जागेला आवाज नसतो. ‘एनव्हीडीए’ या स्क्रीन रीडरमध्ये त्यासाठी एक सुरेख सोय आहे. ओळीची खोली शब्दांत सांगता येते, सुरांत सांगता येते किंवा दोन्ही प्रकारे. ओळ जितकी आत, तितका सूर चढा. चार-पाच ओळी खाली उतरत गेले की सुरांच्या चढउतारावरून रचना ध्यानात येते, आणि शब्द ऐकायला कान मोकळा राहतो.

ब्रेल डिस्प्ले नावाचे उपकरण असेल तर अचूकता आणखी वाढते. त्यावर वर-खाली होणाऱ्या टाचण्यांनी एका वेळी साधारण २० ते ८० अक्षरांची एक ओळ उमटते. संगणकासाठी सहाऐवजी आठ ठिपक्यांचे ब्रेल वापरता येते आणि त्यात इंग्रजी कळफलकावरच्या प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र आकृती मिळते. पण ४० अक्षरांच्या पट्टीवर चार-चार मोकळ्या जागांनी तीन पायऱ्या आत गेलेली ओळ आली, की सुरुवातीची १२ घरे कोरी जातात. ओळ आत ढकलायला मोकळ्या जागांऐवजी टॅब वापरावा असा आग्रह काही अंध प्रोग्रामर धरतात तो याच कारणाने: टॅबची रुंदी ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरवावी. डोळस प्रोग्रामर याच मुद्द्यावर वर्षानुवर्षे वाद घालतात, तो निव्वळ आवडीनिवडीचा. इथे त्याला ठोस कारण आहे. या उपकरणांची किंमत मोठी असते आणि भारतातल्या बहुतेक अंध प्रोग्रामरना आवाजावरच काम भागवावे लागते.

कोडमध्ये मराठी टिपा किंवा मराठी संदेश असतील तर आणखी एक पेच पडतो. काही इंग्रजी आवाज देवनागरी मजकूर सरळ गाळतात. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ‘ईस्पीक’ या मुक्त आवाजप्रणालीत मराठीचा समावेश आहे, त्यामुळे तो मजकूर निदान ऐकता तरी येतो.

पुण्यात जन्मलेल्या प्रोग्रामरची एक वेगळी कल्पना

स्क्रीन रीडरने पडदा वाचावा, या कल्पनेलाच आव्हान दिले ते टी. व्ही. रामन यांनी. रामन यांचा जन्म १९६५मध्ये पुण्यात झाला. काचबिंदूमुळे वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुण्याच्या नवरोसजी वाडिया महाविद्यालयात गणित शिकून ते मुंबईच्या आयआयटीत गेले आणि तिथून अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात. १९९४मध्ये पूर्ण झालेल्या त्यांच्या प्रबंधात गणिती मजकूर ऐकवण्याची प्रणाली होती. अपूर्णांक, घातांक, वर्गमूळ यांची गुंतागुंतीची मांडणी सपाट वाक्यात न वाचता आवाजाच्या बदलांतून कशी उभी करता येईल, हे त्यांनी त्यात दाखवले. प्रणालीचे नाव होते ‘अ‍ॅस्टर’. त्यांच्या मार्गदर्शक कुत्र्याचेही नाव तेच. या प्रबंधाला संगणकतज्ज्ञांच्या एसीएम या संघटनेचा प्रबंध पुरस्कार मिळाला.

त्यानंतर त्यांनी ‘इमॅक्सस्पीक’ लिहिले आणि १९९५मध्ये ते सर्वांसाठी खुले केले. इमॅक्स हा जुना, विलक्षण लवचीक एडिटर आहे. त्यात कोड लिहिता येतो, टपाल वाचता येते, दिनदर्शिका पाहता येते. रामन यांचा मुद्दा असा की पडद्यावर जे उमटते ते माहितीचे केवळ एक दृश्य रूप आहे. ते रूप वाचून दाखवण्याऐवजी मूळ माहितीच बोलती करावी. दिनदर्शिकेचे त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. पडद्यावर महिन्याचे चौकट-चौकट तक्ते असतात. स्क्रीन रीडर त्यावरून जाताना नुसते आकडे वाचतो, आणि ‘१४’ हा कोणत्या वाराचा, कोणत्या महिन्याचा हे ऐकणाऱ्याला कळत नाही. दिनदर्शिका चालवणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र कर्सर कोणत्या तारखेवर आहे हे पक्के ठाऊक असते. इमॅक्सस्पीक त्यालाच विचारते आणि पूर्ण तारीख, वारासह, सांगते.

तांत्रिकदृष्ट्या ही करामत इमॅक्सच्या एका सोयीवर उभी आहे. इमॅक्सच्या कोणत्याही फंक्शनला, त्याचा मूळ कोड न बदलता, आधी किंवा नंतर करायचे काम जोडता येते. ‘एक ओळ खाली जा’ या आज्ञेला रामन यांनी ‘आणि ती ओळ बोल’ हे काम जोडले. अशी हजारो छोटी जोडकामे मिळून इमॅक्सस्पीक झाले. एडिटर कोडमधले राखीव शब्द, टिपा आणि अवतरणांतला मजकूर वेगवेगळ्या रंगांत दाखवतो. इमॅक्सस्पीक ते वेगवेगळ्या आवाजांत ऐकवते. टीप ऐकू येते एका स्वरात, राखीव शब्द दुसऱ्या. फाइल उघडली, काम संपले, चूक आली, अशा घटनांना क्षणभराचा एकेक ध्वनी असतो. पुढे अनेक मोठ्या साधनांनी ज्या सोयी आणल्या त्यांतल्या कितीतरी इथे आधीच होत्या. रामन २००५पासून गूगलमध्ये आहेत आणि तिथल्या टॉकबॅक व क्रोमव्हॉक्स या स्क्रीन रीडरांच्या जडणघडणीतही त्यांचा वाटा आहे.

इमॅक्सस्पीकची मर्यादा इमॅक्सचीच आहे. ज्या कंपनीत सगळे जण दुसरे साधन वापरतात, तिथे एकट्याने आपले वेगळे विश्व सांभाळणे दरवेळी जमत नाही. तरीही पडद्याचे रूप आणि माहितीचा अर्थ यांत रामन यांनी केलेला भेद हा या विषयाचा पाया आहे.

मोकळा, फुकट आणि अंध प्रोग्रामरनी लिहिलेला

जॉजचा परवाना हजार डॉलरच्या आसपास पडत असे. २००६मध्ये ऑस्ट्रेलियात मायकल करन या अंध तरुणाने विंडोजसाठी मोफत स्क्रीन रीडर लिहायला घेतला. लवकरच जेम्स तेह हे त्यांचे अंध मित्र त्यात सामील झाले. हेच एनव्हीडीए. त्याचा बराचसा भाग पायथॉनमध्ये लिहिलेला आहे आणि कोड सर्वांसाठी खुला आहे. त्यामुळे एखाद्या साधनात काही नीट ऐकू येत नसेल तर वापरणाऱ्यालाच पूरक जोड लिहिता येते. तेह पुढे मोझिलात गेले आणि फायरफॉक्स ब्राउझरच्या अंतर्भागात सुलभतेचे काम करू लागले. स्क्रीन रीडर आणि तो ज्याला प्रश्न विचारतो तो प्रोग्रॅम, अशा दोन्ही बाजू आतून जाणणारी माणसे थोडी आहेत, आणि त्यांच्या कामाचे मोल फार मोठे आहे.

रोजच्या साधनांत काय बदलले

आज जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोड एडिटरांत ‘व्हीएस कोड’ आहे. मायक्रोसॉफ्टने तो २०१५मध्ये जाहीर केला. तो वेबच्या तंत्रज्ञानावर उभा आहे, म्हणजे त्याची खिडकी ही प्रत्यक्षात वेब पानच असते. वेगासाठी तो पडद्यावर दिसणाऱ्या तेवढ्याच ओळी रेखाटतो, आणि रंग देता यावेत म्हणून प्रत्येक ओळीचे बारीक तुकडे करतो. स्क्रीन रीडरने हे तुकडे वाचले तर कोडचा चुराडा ऐकू येईल. त्यासाठी एडिटरने बरीच वर्षे एक युक्ती वापरली: कर्सरच्या आसपासचा मजकूर एका अदृश्य, साध्या मजकूरचौकटीत कायम भरून ठेवायचा आणि स्क्रीन रीडरचे लक्ष तिकडे वळवायचे. डोळ्यांना एक एडिटर दिसतो, कानाला दुसरा मिळतो, आणि दोन्हींचा कर्सर एकाच जागी राहील याची काळजी एडिटर घेतो.

कोड एडिटरमध्ये टॅबची कळ ओळ आत ढकलण्यासाठी लागते. पण माउस न वापरणाऱ्याला एका घटकावरून दुसऱ्यावर जायलाही हीच कळ लागते. परिणामी एकदा एडिटरमध्ये शिरलेला माणूस बाहेर पडू शकत नाही. व्हीएस कोडमध्ये कंट्रोल आणि एम या कळा दाबून टॅबचे काम बदलता येते. एफ-८ या कळेने पुढच्या चुकीवर जाता येते आणि ती ऐकू येते. चूक असलेल्या, थांबा लावलेल्या किंवा घडी घातलेल्या ओळीवर पोहोचताच वेगवेगळे ध्वनी वाजतात. एफ-७ दाबले की दोन आवृत्त्यांमधले बदल एकाखाली एक, ‘वाढवले’ आणि ‘काढले’ असे सांगत वाचून होतात. शेजारी-शेजारी दोन रंगीत रकाने कानाच्या काही कामाचे नसतात. कोणत्या भागात काय करता येते याची मदत ऑल्ट आणि एफ-१ दाबल्यावर मिळते, आणि ही गोष्ट वाटते त्याहून महत्त्वाची आहे: डोळस माणसाला नवे बटण सहज दिसते, अंध माणसाला ते आहे हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

हे सगळे काही वर्षांत, अंध प्रोग्रामरनी खुल्या नोंदवहीत सातत्याने नोंदवलेल्या तक्रारींमुळे घडत गेले. काय करायला हवे याचा नकाशा काही संशोधकांनीही काढला होता. बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियातल्या गटाने अंध प्रोग्रामरशी बोलून त्यांच्या अडचणींची चार प्रकारांत मांडणी केली: सोय सापडणे, कोडचा झटकन अंदाज येणे, कोडमधून फिरणे आणि काही घडले की इशारा मिळणे. मायक्रोसॉफ्टच्याच व्हिज्युअल स्टुडिओ या साधनासाठी त्यांनी ‘कोडटॉक’ हे पूरक साधन तयार केले आणि २०१८मध्ये त्यावरचा शोधनिबंध मांडला. त्या संशोधकांतले वेंकटेश पोटलुरी स्वतः अंध आहेत. कोडटॉकमधली बोलणारे थांबे ही कल्पना विशेष उपयोगाची. डीबगर सहसा ठरावीक ओळीवर प्रोग्रॅम थांबवतो आणि मग प्रोग्रामर एकेका खिडकीत जाऊन मूल्ये तपासतो. बोलणारा थांबा प्रोग्रॅम चालू असतानाच एखादे मूल्य उच्चारतो किंवा सूर वाजवतो. लूप किती वेळा फिरला हे नुसत्या कानाने कळते. त्याआधी २०१५मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘स्ट्रक्टजंपर’ने इक्लिप्समध्ये जावा कोडचे झाड करून दिले होते. ‘मी कुठे आहे?’ असे विचारले की वर्ग, फंक्शन, लूप अशी पूर्ण साखळी सांगणारे.

टर्मिनल

आज्ञा टाइप करून चालणारे टर्मिनल अंध प्रोग्रामरसाठी आदर्श असते, असा समज डोळस लोकांत पक्का आहे. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. टर्मिनल मजकूर देते, रचना देत नाही. वेबपानावर मथळ्यावरून मथळ्यावर उडी मारता येते; टर्मिनलमध्ये दोनशे ओळींची माहिती आली तर ती अखंड पट्टी असते. तक्ते मोकळ्या जागांनी जुळवलेले असतात, आणि ऐकताना कोणता आकडा कोणत्या रकान्यातला हे हरवते. २०२१मध्ये गूगलमधल्या संशोधकांनी नेमका हाच प्रश्न अभ्यासला. अनेक जण टर्मिनलमधला मजकूर उचलून एडिटरमध्ये किंवा ब्राउझरमध्ये नेऊन वाचतात, असे त्यांना आढळले.

सजावटीने हा त्रास वाढतो. काम चालू असल्याचे दाखवायला अनेक प्रोग्रॅम एक फिरते चक्र दाखवतात आणि त्यासाठी युनिकोडमधली ब्रेल ठिपक्यांची चिन्हे एकामागून एक बदलत राहतात. ज्या लिपीने अंध माणूस वाचतो तिची चिन्हे इथे निरर्थक हालचालीसाठी वापरली जातात, आणि स्क्रीन रीडर ती पुन्हा पुन्हा उच्चारू लागतो. बदलांचा इतिहास सांभाळणाऱ्या ‘गिट’ या प्रणालीतला शाखांचा आलेख उभ्या रेषा, तिरप्या रेषा आणि तारकांनी काढलेला असतो, ऐकताना या चिन्हांची रांग तेवढी उरते. उपाय साधे आहेत. चक्राऐवजी ‘डाउनलोड चालू आहे’, ‘डाउनलोड पूर्ण’ असे दोन संदेश पुरेत. रंगाने दाखवलेली चूक शब्दानेही लिहावी. तक्त्याऐवजी प्रत्येक नोंद ‘नाव: मूल्य’ अशा ओळींत देण्याचा पर्याय ठेवावा. गिटहबने २०२५मध्ये आपल्या टर्मिनलमधल्या साधनात याच प्रकारच्या सोयी आणल्या.

चित्रे, आलेख आणि खेळणी

आकृत्यांचा प्रश्न निम्मा सुटला आहे. ग्राफव्हिझ, प्लँटयूएमएल किंवा मर्मेड यांत आकृती मजकुरात लिहिली जाते आणि चित्र त्यातून आपोआप बनते. गटातल्या सर्वांनी हीच पद्धत पाळली, तर अंध प्रोग्रामर आकृती वाचू शकतो, बदलू शकतो आणि स्वतः काढूही शकतो. डेटाविज्ञानात परिस्थिती बिकट आहे. ‘ज्युपिटर’ नोटबुकमध्ये कोड, उत्तरे आणि आलेख एकत्र असतात. पोटलुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३मध्ये अशा १,००,००० नोटबुकांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या बहुतांश चित्रांना शब्दांतले वर्णनच नव्हते. आलेख काढणाऱ्या प्रोग्रॅमला त्यामागचे आकडे माहीत असतात, तरी तो ते सांगत नाही. रामन यांनी दिनदर्शिकेबद्दल मांडलेला मुद्दा इथे तसाच लागू होतो.

शाळेत मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवण्यासाठी ‘स्क्रॅच’सारखी रंगीत ठोकळे ओढून जोडायची साधने वापरतात. अंध मुलाला ती जवळजवळ पूर्ण बंद असतात. वर्गातले बाकीचे विद्यार्थी प्रोग्रॅम रचत असताना ते मूल बाजूला बसून राहते. पुढे नोकरीत कोणत्या सोयी मिळतात याच्या कितीतरी आधी ही वाट इथेच खुंटते, म्हणून हा भाग सर्वांत तातडीचा आहे. मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधल्या संशोधकांनी त्यावर हातात धरता येणारे ठोकळे तयार केले. ते वायरीने एकमेकांना जोडले की गाणे किंवा गोष्ट तयार होते आणि प्रत्येक ठोकळा म्हणजे एक आज्ञा. ‘कोड जंपर’ या नावाने ते २०१९मध्ये अमेरिकन प्रिंटिंग हाउस फॉर द ब्लाइंड या संस्थेने हाती घेतले. अमेरिकेतले आंद्रेआस स्टेफिक यांनी ‘क्वोरम’ ही प्रोग्रॅमिंगची भाषाच अंध विद्यार्थ्यांना समोर ठेवून विकसित केली. तिच्यात महिरपी कंसांऐवजी भागाचा शेवट सांगणारा शब्द असतो, त्यामुळे रचना ऐकताना समजते. भाषेतला प्रत्येक शब्द नवशिक्यांवर प्रयोग करून निवडायचा, हा स्टेफिक यांचा आग्रह आहे. त्यामुळे क्वोरम डोळस मुलांनाही शिकवली जाते.

नियम आणि तपासणी

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने २०१५मध्ये निर्मितीच्या साधनांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांचे दोन भाग आहेत: साधन अपंग व्यक्तीला वापरता आले पाहिजे, आणि त्या साधनाने तयार होणारी वस्तूही सुलभ असावी यासाठी त्याने मदत केली पाहिजे. अमेरिकेत १९९८च्या कायद्याने केंद्र सरकारच्या खात्यांना सुलभ संगणकसाधनेच खरेदी करण्याचे बंधन आहे, आणि सरकारी कंत्राट हवे असलेल्या कंपन्यांनी या विषयाकडे लक्ष दिले ते बऱ्याच अंशी त्यामुळे. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६मध्ये झाला. युरोपीय संघाचा सुलभता कायदा २८ जून २०२५पासून लागू झाला.

कायद्याने दार उघडते; साधन वापरता येते की नाही हे रोजच्या तपासणीने ठरते. प्रत्येक बटणाला नाव आहे का, हे आपोआप तपासणारे प्रोग्रॅम आहेत आणि ते वापरलेच पाहिजेत. पण सूचनांची यादी उघडल्यावर स्क्रीन रीडर एकच गोष्ट तीनदा बोलतो, किंवा चूक सांगता सांगता टाइप केलेले अक्षर गिळतो, हे त्या प्रोग्रॅमला कळत नाही. ते कळायला गटात किंवा चाचणीत रोज स्क्रीन रीडरवर काम करणारी माणसे लागतात. किती बोलायचे हे ठरवणे हाच इथला सर्वांत नाजूक निर्णय. नवशिक्याला प्रत्येक सूचना हवी असते, अनुभवी माणसाला तीच अडथळा वाटते. म्हणून चांगली साधने प्रत्येक प्रकारच्या घोषणेसाठी शब्द, ध्वनी किंवा शांतता यांतून निवड करू देतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे सहायक एडिटरमध्ये आल्यापासून हा प्रश्न नव्याने उभा राहिला आहे. सहायक कर्सरपुढे फिक्या अक्षरांत दहा ओळी सुचवतो. डोळस माणूस त्या क्षणार्धात नजरेखालून घालतो आणि नको असल्या तर टाइप करत राहतो. ऐकणाऱ्याला त्या पूर्ण ऐकाव्या लागतात, आणि तोवर स्वतःच्या विचाराचा धागा तुटतो. व्हीएस कोडमध्ये २०२३पासून ऑल्ट आणि एफ-२ दाबले की असा मजकूर साध्या चौकटीत उघडतो आणि तिथे ओळीओळीने, अक्षराअक्षराने तपासता येतो. सूचना आली आहे एवढे एका छोट्या ध्वनीने कळते. दुसऱ्या बाजूने याच सहायकांना आलेखात काय आहे, पानाची मांडणी कशी दिसते, दोन बटणे एकमेकांवर तर आलेली नाहीत ना, असे प्रश्नही विचारता येतात. याआधी ते शेजारच्या डोळस सहकाऱ्यालाच विचारावे लागत. मिळालेले उत्तर बरोबर आहे की नाही हे स्वतः पाहून ठरवता येत नसल्याने, त्यामागचे आकडे आणि कोड वाचता येण्याची सोय तेवढीच आवश्यक राहते.